काटा कुणाच्या हातात?



बायकांचे काम मोजले गेले पाहिजे, ही मागणी स्त्री-चळवळीने गेली पन्नास वर्षे लावून धरली आहे. १९७० च्या दशकात देवकी जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या काही खेड्यांत बायकांच्या दिवसाची तासागणिक नोंद केली. जनगणनेच्या लेखी 'काम न करणाऱ्या' ठरलेल्या बायका तेव्हा प्रत्यक्षात कामात बुडालेल्या दिसल्या. पुढे १९९८-९९ मध्ये सरकारने सहा राज्यांत वेळ-वापर पाहणी केली. मग २०१९ मध्ये आणि २०२४ मध्ये ती देशभर झाली. २०२४ ची पाहणी सांगते की घरातले विनामोबदला काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनी आपली नऊ मिनिटे काढून घेतली!

अशा आकड्यांच्या जोरावर आपण इतकी वर्षे भांडत आलो. म्हणून जेव्हा कोणी येऊन म्हणते की, "तुमच्या कार्यकर्त्यांचे काम आम्ही मोजून देतो," तेव्हा आपल्याला एकदम नाही म्हणता येत नाही. आणि म्हणूही नये. पण मोजणी मोजणीत फरक असतो.

गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या संस्थांपुढे हा प्रश्न आला आहे. निधी देणारे विचारतात, तुमच्या कार्यकर्त्या दिवसातला किती वेळ कामात असतात? किती वेळ शिल्लक राहतो? त्या शिल्लक वेळात आणखी एक तालुका घेता येईल का? आमच्याही संस्थेला एका निधी देणाऱ्या संस्थेने हे विचारले, आणि कर्मचाऱ्यांवरचा कामाचा भार व शिल्लक क्षमता दाखवणारे सॉफ्टवेअर निवडून वर्षाच्या आत लागू करा, असे सांगितले. आम्ही तीन-चार प्रणाली पाहिल्या. पडद्यावर प्रत्येक कार्यकर्तीच्या नावापुढे हिरवी, पिवळी, तांबडी पट्टी. हिरवी म्हणजे 'हिच्याकडे अजून जागा आहे'.

ह्या निमित्ताने आमच्यात जी चर्चा झाली तिच्यातून माझे एक मत बनले, ते इथे मांडते. सॉफ्टवेअर घ्यावे की घेऊ नये, हा मुळी प्रश्नच नाही. ते कोणता प्रश्न विचारते, आणि त्याचे उत्तर कुणाच्या हाती पडते, हे पाहून निवड करावी. आणि 'शिल्लक क्षमता' हा शब्द तर घासून-पुसून घेतल्याशिवाय दारातून आत घेऊ नये.

'शिल्लक' कशाला म्हणायचे?

'शिल्लक' हा शब्द बायकांना नवा नाही. "घरीच तर असते, तिला काय काम?" हे आपण जन्मभर ऐकत आलो. चुलीवर भात शिजतोय, पाळण्यात मूल झोपलेय, सासऱ्यांच्या औषधाची वेळ व्हायची आहे, आणि बाई उंबऱ्यात बसली आहे. बघणाऱ्याला ती रिकामी दिसते. ती उठून गेली तर काय होईल, हे मात्र ती जागची हलल्यावरच कळते.

हिंसाग्रस्त स्त्रियांच्या समुपदेशन केंद्राचे काम असेच आहे. बाई आमच्याकडे वेळ ठरवून येत नाही. ती बाजाराच्या दिवशी येते, दवाखान्याच्या निमित्ताने येते, निंदण-वेचणीचा खाडा पडला की येते, रात्री मार खाल्ला की पहाटेच्या एस.टी.ने येते. दुपारी दोन ते चार कोणी आले नाही, तर सॉफ्टवेअर म्हणते, दोन तास शिल्लक. पण त्या दोन तासांत दार उघडे होते, आत ऐकून घेणारे माणूस होते. हेच तर केंद्राचे काम! अग्निशामक दलाची गाडी उभी दिसली म्हणून तिला कोणी भाजी आणायला पाठवत नाही.

ह्यात भावनेचा भाग कमी आणि गणिताचा जास्त आहे. रांगांचे एक शास्त्र आहे. डेन्मार्कच्या एरलांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या तारांचा विचार करताना त्याचा पाया घातला. त्यातले सर्वात साधे गणित असे. केंद्रात एकच कार्यकर्ती आहे, बायका केव्हाही येतात, आणि कुणाला कमी, कुणाला जास्त, पण सरासरीने एकीला एक तास लागतो. कार्यकर्ती निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर नव्याने आलेल्या बाईला सरासरी एक तास थांबावे लागते. ती ८० टक्के गुंतलेली असेल तर चार तास. आणि ९० टक्के गुंतलेली असेल तर नऊ तास! काम दुपटीनेही वाढलेले नाही, पण थांबणे नऊपट झाले. कारखान्यात माल थांबतो, फार तर गोदामाचे भाडे पडते. आमच्याकडे थांबते ती बाई. तिची शेवटची एस.टी. निघून जाते. घरी "कुठे गेली होतीस?" विचारणारा बसलेला असतो. आज परत गेलेली बाई पुढच्या आठवड्यात येईलच, असे कोण सांगणार?

तेव्हा सॉफ्टवेअर ज्याला 'शिल्लक' म्हणते, ती त्या बाईची जागा आहे. ती दुसऱ्या तालुक्याला देऊन टाकली की पट्टीचा रंग बदलतो, अहवाल छान दिसतो, आणि बाई दारातून परत जाते. तिची नोंद कुठेच होत नाही, कारण जी आतच आली नाही तिचा रकाना नसतो.

दुसरीकडे, जे काम खरोखर होते तेही ह्या प्रणालींना नीट दिसत नाही. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्र साडेतेरा हजार चौरस किलोमीटर आहे. १६ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. वणी काय आणि उमरखेड काय, जिल्ह्याच्या गावाहून शंभरेक किलोमीटर. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजीकडच्या एखाद्या कोलाम पोडावरच्या बाईला सोबत घेऊन ठाणे, सरकारी दवाखाना, संरक्षण अधिकारी आणि कोर्ट असा फेरा करायचा, तर त्यात कार्यकर्तीचे किती दिवस जातात हे फिरणारीलाच ठाऊक. कोर्टात सकाळी अकराला जाऊन बसायचे आणि चारला कळायचे की पुढची तारीख पडली. सॉफ्टवेअरात त्याची नोंद काय? 'न्यायालय उपस्थिती : १'. रात्री साडेदहाला आलेला फोन तर 'कार्यालयीन वेळेबाहेर' म्हणून घेतलाच जात नाही. म्हणजे उघडे दार 'शिल्लक' म्हणून गेले आणि प्रवास, थांबणे, रात्रीचा फोन हे काम म्हणून आलेच नाही. दोन्हीकडून काटा मारला.

फोन परत केले, त्याची गोष्ट

मोजणी बायकांच्या अंगावर येते तेव्हा काय होते, हे महाराष्ट्राने अंगणवाडीत पाहिले आहे. सेविकेचे काम काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पूरक आहार, पूर्वप्राथमिक शिक्षण, लसीकरणाला मदत, वजन-उंची, गरोदर मातांच्या भेटी, आरोग्यशिक्षण, आणि त्यावर निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत जे जे सरकारला सुचेल ते. ह्या सगळ्याच्या नोंदीसाठी सेविकांना २०१९ मध्ये मोबाईल फोन दिले गेले. १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारने 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आणले. फोन जुने पडले होते, त्यांची साठवण कमी होती. ॲप उघडले की फोन बंद पडायचा, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या पदरचा. आणि ॲप इंग्रजीत! आयुष्यभर मराठीत रजिस्टरे लिहिलेल्या बाईने लाभार्थ्यांची नावे इंग्रजीत भरायची. घरातल्या शाळकरी पोरांना, शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला हाताशी धरून सेविकांनी ते काम रेटले. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या हजारो सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन सरकारला परत केले.

त्या वेळी काही लोक म्हणाले की बायकांना तंत्रज्ञान नको आहे. हे खोटे होते. सेविकांचे म्हणणे साधे होते : चालणारा फोन द्या, मराठीत ॲप द्या. त्यांना मोजणी नाकारायची नव्हती. त्यांच्यावर लादलेले मोजण्याचे जास्तीचे काम कोणीच मोजत नव्हते, ही त्यांची तक्रार होती.

ह्या ॲपचा प्रश्न पाहा : आज अंगणवाडी उघडली का? किती मुले आली? वजने घेतली का? जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा फोनपुढे धरून ओळख पटवण्याची सक्तीही आली. ह्यातला प्रत्येक प्रश्न सेविकेने काय केले, हे विचारतो. ह्या कामाला किती हात लागतात, हे त्यातला एकही विचारत नाही. रोजच्या रोज एवढा तपशील गोळा होतो, पण एका सेविकेला हे सारे करायला दिवसाचे किती तास लागतात, हे त्यातून निघत नाही. ते निघाले असते, तर 'मानधन' हा शब्द टिकवणे अवघड झाले असते!

आमच्याच जिल्ह्यातली एक घटना आठवते. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पल्स पोलिओच्या दिवशी, घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओ डोसाऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब दिले गेले. सुदैवाने मुले वाचली. चूक गंभीर होती आणि चौकशी व्हायलाच हवी होती. कामावर कोण होते हे लगेच कळले, आणि कारवाईच्या बातम्याही दुसऱ्याच दिवशी आल्या. कोविडचे ते महिने होते. भार जास्त होता म्हणून चूक झाली, असा निष्कर्ष मी काढत नाही. पण चुकीच्या दिवशी "कोण होते?" हे आपल्याला एका तासात कळते. "त्यांच्या अंगावर किती होते?" हे मात्र विचारण्याची रीतच आपल्याकडे नाही. चांगल्या मोजणीने हा दुसरा प्रश्न आधी विचारला असता.

तीच मोजणी, वेगळा निकाल

पण मोजणी कामगार बायकांच्या बाजूने उभी राहू शकते, ह्याचेही दाखले आहेत. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांच्या दाव्यात निकाल दिला की १९७२ चा उपदान कायदा त्यांना लागू होतो, म्हणजे त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. सरकारचे म्हणणे होते की हे अर्धवेळ, मानद काम आहे. न्यायालयाने सेविकांकडे असलेल्या कामांचा विचार केला आणि हे अर्धवेळ काम म्हणता येणार नाही असे सांगितले. कामांची यादी मांडली गेली, म्हणून हक्क पदरात पडला.

दुसरा दाखला आपल्या क्षेत्रातला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात काय होते ते आपण जाणतो. 'वुई द वुमेन ऑफ इंडिया' ह्या संस्थेच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयापुढे आकडे आले : १ जुलै २०२२ रोजी देशात ह्या कायद्याखालचे ४ लाख ७१ हजार दावे प्रलंबित. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने साधा भागाकार केला. जिल्ह्याला एक संरक्षण अधिकारी धरला, तर एकेकाच्या वाट्याला पाचशे-सहाशेच्या वर प्रकरणे येतात! आणि पुष्कळ ठिकाणी ते काम महसूल किंवा अन्य खात्याच्या अधिकाऱ्याकडे जादा म्हणून टाकलेले. पुढे मे २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचा आदेश दिला.

इतकी वर्षे आपण सांगत होतो की अधिकारी भेटत नाहीत, ऐकत नाहीत, असंवेदनशील आहेत. ते खरेही होते. पण एका भागाकाराने दाखवून दिले की संवेदनशील अधिकारी बसवला तरी सहाशे प्रकरणांत तोही बुडेल. ही भार-मोजणीची ताकद आहे. "ही बाई काम करते का?" इथून प्रश्न उचलून तिने "इतक्या कामाला माणसे पुरेशी आहेत का?" इथे नेऊन ठेवला.

काटा आणि गाठोडे

आमच्या भागातल्या बायकांना हा फरक शिकवावा लागत नाही. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी गाठोडी काट्यावर चढतात तेव्हा प्रत्येक बाईचे डोळे काट्यावर असतात. काटा सगळ्यांसमोर असतो, आकडा मोठ्याने सांगितला जातो, आणि शंका आली तर बाई म्हणते, "पुन्हा टाक." त्या काट्यातही अन्याय आहे. शेतापर्यंतची पायपीट, पाठीशी बांधलेले मूल, बोंडांनी ओरबाडलेली बोटे हे सारे त्यात येत नाही. पण निदान काटा तिच्या डोळ्यांसमोर असतो. सॉफ्टवेअरचा काटा मात्र पुण्या-दिल्लीच्या एखाद्या कार्यालयात असतो. गाठोडे बाईचे, काटा दुसऱ्याचा, आणि आकडा तिसऱ्यालाच कळतो.

बाजारात ह्या कामासाठी जी सॉफ्टवेअरे मिळतात त्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार माणसावर नजर ठेवतो : कधी आली, कुठे आहे, पडद्यावर काय चालू आहे, किती वेळ बोटे थांबली. नागपूर महानगरपालिकेने काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. हरियाणात २०२१ मध्ये आशा कार्यकर्त्यांनी फोनवर नजर ठेवणाऱ्या ॲपविरुद्ध आंदोलन केले. हा त्याच जातीचा माल. त्यातून 'भार' कळत नाही, फक्त धाक बसतो. आणि नीट पाहा, घड्याळ कुणाच्या हातात बांधले जाते? सफाई कामगारांच्या, आशांच्या. ज्यांची जात, ज्यांचे लिंग, ज्यांचा पगार आधीच खालचा, त्यांच्याच.

दुसरा प्रकार कामाकडे पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी एक पद्धत तयार केली आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'विस्न' म्हणतात. १९९८ मध्ये ती प्रथम मांडली गेली आणि २०१० मध्ये सुधारित पुस्तिका व सॉफ्टवेअर निघाले. तिचे गणित वहीवरही करता येते. आमच्या कामाला लावून एक नमुना देते. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत.

वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ३१२ दिवस. सण, रजा, आजारपण, प्रशिक्षण ह्यांचे ५२ दिवस वजा केले, उरले २६०. दिवसाचे सात तास धरले तर १,८२० तास. त्यातला चौथा हिस्सा बैठका, अहवाल, गावभेटी ह्यांत जातो. उरले १,३६५ तास. एका प्रकरणाला पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत, प्रवास आणि तारखा धरून, ३५ तास लागत असतील, तर एक कार्यकर्ती वर्षाला ३९ प्रकरणे नीट सांभाळू शकते. केंद्रात ७८ प्रकरणे आली, तर दोन कार्यकर्त्या हव्यात. आहे एकच. म्हणजे गुणोत्तर निम्मे. ह्या पद्धतीत आकडा एकाच्या खाली गेला की अर्थ होतो : माणसे कमी आहेत. बाई आळशी आहे, असा अर्थ तिथे निघतच नाही. मात्र ३५ तास कोणी ठरवायचे, आणि 'दार उघडे ठेवणे' हे काम म्हणून यादीत घालायचे की नाही, ह्यावर सारे अवलंबून आहे. ती यादी काम करणाऱ्या बायकांनीच करायला हवी.

निवडताना काय विचारावे

ज्या संस्था-संघटनांपुढे आज हा प्रश्न आहे, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी काही गोष्टी विचाराव्यात असे मला वाटते.

एक : कामांची यादी आपल्याला बदलता येते का? विकणाऱ्याने आयती दिलेली यादी कंपन्यांच्या कामाची असते. प्रवास, कोर्टात थांबणे, रात्रीचे फोन, सोबत जाणे, दार उघडे ठेवणे, आणि स्वतः कार्यकर्तीने मन मोकळे करण्यासाठी सहकारिणीजवळ बसणे, हे रकाने आपल्याला घालता आलेच पाहिजेत.

दोन : ते मराठीत आहे का, आणि रेंज नसताना चालते का? आपल्या डोंगरपट्ट्यात हा पहिला प्रश्न ठरावा. कोबोटूलबॉक्ससारखी साधने रेंज नसताना माहिती साठवतात, रेंज आली की पाठवतात, आणि त्यांत मराठी प्रश्नावली करता येते. फोन आणि डेटाचा खर्च संस्थेने द्यायचा, हे गृहीत धरू नये, लिहून घ्यावे.

तीन : भरायला किती वेळ लागतो? रोज दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर ते आपल्या कामाचे नाही. आणि ती दहा मिनिटेही कामाच्या तासांतच धरायची.

चार : ह्यात पीडित बाईचे नाव येते का? येता कामा नये. भार मोजायला प्रकरण क्रमांक पुरतो. लैंगिक अत्याचारग्रस्त स्त्रीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे कलम २३ आहे. कार्यकर्तीचे ठिकाण दाखवणारी जीपीएसची सोय तर बंदच ठेवावी. ती कुठे आहे हे ज्याला कळते, त्याला पळून आलेली बाई कुठे आहे हेही कळू शकते.

पाच : पडद्यावर पट्टी तांबडी झाली की पुढे काय? हा प्रश्न विकणाऱ्याला विचारायचा नाही. तो संस्थेच्या विश्वस्तांना आणि निधी देणाऱ्यांना विचारायचा. भार वाढलेला दिसला तर इतक्या दिवसांत काम वाटून दिले जाईल किंवा माणूस वाढवला जाईल, असे लेखी बंधन नसेल तर मोजण्याला अर्थ नाही. आणि ह्या नोंदींवरून कुणाचा पगार कापला जाणार नाही, कुणाला काढले जाणार नाही, हेही त्याच कागदावर हवे.

सहा : उद्या ते बंद करायचे ठरले तर आपली माहिती आपल्याला काढून घेता येते का? नाही तर काटाही त्यांचा आणि गाठोडेही त्यांचे.

आणि आठ-दहा जणींच्या संस्थेला विकतचे सॉफ्टवेअर बहुधा लागतच नाही. आम्ही आधी दोन आठवडे प्रत्येकीने साध्या वहीत नोंद केली, मग सगळ्यांनी मिळून रकाने ठरवले, आणि ते एक्सेलच्या तक्त्यात घातले. सगळ्यांचा तक्ता सगळ्यांना दिसतो. निधी देणाऱ्यांना आम्ही केंद्राचा एकत्रित आकडा देऊ, एकेकीची पट्टी देणार नाही, असे लेखी कळवले आहे. बोलणी अजून चालू आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. दिलेला पैसा कुठे जातो आणि हात कुठे कमी पडतात, हे त्यांना कळायला हवे. ते कळावे म्हणूनच आम्ही मोजतो आहोत.

आपल्याच घरातला प्रश्न

आता थोडे आपल्याविषयी. तास मोजायचे म्हटले की आपल्या काही ज्येष्ठ मैत्रिणींना राग येतो. "चळवळीत घड्याळ कसले? आम्ही पदरमोड करून, रात्री-अपरात्री धावलो," असे त्या म्हणतात. त्यांच्या त्या धावण्यावर आज आपण उभ्या आहोत, हे मी विसरत नाही. पण आज संस्थेत काम करणारी मुलगी पुष्कळदा त्याच पोडावरून, त्याच शेतमजूर घरातून आलेली असते. तिचा पगार हा घरातला एकमेव नियमित पैसा असतो. घरी गेल्यावर तिच्याही वाट्याला ती २८९ मिनिटे असतातच. तिने रात्री फोन उचलला तर आपण तिला 'समर्पित' म्हणतो, नाही उचलला तर 'नोकरी करते' म्हणतो. आईच्या त्यागाचे गोडवे गाऊन तिच्या श्रमाची किंमत टाळणाऱ्या समाजाला आपण नावे ठेवतो. मग हे वेगळे काय?

सरकार 'मानधन' म्हणते आणि आपण 'बांधिलकी' म्हणतो. दोन्ही शब्द सुंदर आहेत, आणि दोन्हींच्या आड न मोजलेले तास आहेत. ते तास मोजायला आपणच घाबरलो, तर दुसरे कोणी येऊन ते त्याच्या मापाने मोजेल, आणि तेव्हा आपल्या हातात आपले काहीच कागद नसतील.

म्हणून माझी सूचना एवढीच आहे. पुढच्या तीन महिन्यांत आपापल्या गटात, संस्थेत, केंद्रात दोन आठवडे प्रत्येकीने आपल्या कामाची नोंद करावी. अंगणवाडी आणि आशा कार्यकर्त्यांच्या संघटनांनीही करावी. सरकारी ॲपात जे रकाने नाहीत तेच मुद्दाम लिहावेत. मग एकत्र बसून कामांची यादी करावी आणि कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते आपण ठरवावे. सॉफ्टवेअर विकणारा त्यानंतर आला, तर त्याच्यापुढे ती यादी ठेवून विचारता येईल, हे तुमच्या यंत्रात बसते का? बसत नसेल, तर आपण यादी बदलायची नाही. यंत्र दुसरे पाहायचे.